गाडी लागली, पण बॅलन्स सुटला का?

वाचकांचे प्रश्न : मालवाहतुकीची दलाली

नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर, मी २७ वर्षं गाड्या लावतोय. ज्याच्याकडे माल आहे त्याला ट्रक मिळवून द्यायचा, ज्याचा ट्रक रिकामा उभा आहे त्याला भाडं मिळवून द्यायचं आणि मधे आपली दलाली घ्यायची, हे माझं काम. मागच्या अंकात संपादकांनी या धंद्याबद्दल प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं एकाच गोष्टीबद्दल होती, ती एकत्र करून पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्याला जागा जास्त लागली, कारण तशी मुलं दर महिन्याला माझ्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसतात.

प्रश्न : काका, मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. वय २४, पगार १७ हजार. आमच्याकडे गाड्या लावणारे दलाल नुसते फोनवर बोलतात आणि एका गाडीमागे हजार-दोन हजार कमावतात. माझ्याजवळ साठवलेले २ लाख आहेत. नोकरी सोडून कमिशनवर हे काम सुरू करू का? फक्त फोनवर जमतं का?

उत्तर : बेटा, नोकरी आत्ता सोडू नकोस. आणि ते २ लाख तर बँकेतून हलवूच नकोस.

तू गेटवर उभा असतोस, तिथून तुला दलालाचा अर्धा दिवस दिसतो. गाडी भरली, काट्यावर वजन झालं, बिल्टी, म्हणजे माल नेण्याची पावती, ड्रायव्हरच्या हातात पडली, दलाल स्कूटर काढून निघून गेला. तू समजतोस याचे पैसे झाले. अरे, त्या वेळेपर्यंत त्याच्या हातात एक रुपया आलेला नसतो.

हिशोबच मांडून दाखवतो. समज, नागपूरहून हैदराबादला १२ चाकी गाडी लावली. २४ टन माल, टनाला १५०० रुपये भाव ठरला. भाडं झालं ३६ हजार. मोटरमालक गाडी भरल्याबरोबर अ‍ॅडव्हान्स मागतो, कारण त्याला डिझेल टाकायचंय, फास्टॅगमध्ये पैसे हवेत, ड्रायव्हरला खर्ची द्यायची आहे. त्याचं काही चुकत नाही. धर २८ हजार अ‍ॅडव्हान्स. राहिले ८ हजार, तो बॅलन्स. माल उतरला, घेणाऱ्यानं बिल्टीवर सही-शिक्का केला, ती पोच परत आली, की बॅलन्स द्यायचा. आता मालवाली पार्टी म्हणते, आमच्याकडे बिल लागल्यावर ४५ दिवसांनी पेमेंट होतं. मग आजचे २८ हजार कोणी द्यायचे?

इथे दलाल दोन जातीचे होतात. बाहेरून ओळखू येत नाहीत. एक निव्वळ कमिशनवाला. तो पार्टी आणि मोटरमालक यांची गाठ घालून देतो, पैसा पार्टीकडून सरळ मालकाच्या खात्यात जातो आणि मालक त्याला ठरलेली दलाली देतो. दुसरा भाडं स्वतःच्या नावावर घेतो. पार्टीकडून ३८ हजारांत घेतलं, मालकाला ३६ हजारांत दिलं, मधले २ हजार त्याचे. पण अ‍ॅडव्हान्सचे २८ हजार त्यानं आपल्या खिशातून घातलेले असतात. महिन्यात अशा दहा गाड्या लावल्या तर २ लाख ८० हजार रुपये लोकांच्या वायद्यावर बाहेर. तुझे २ लाख सातव्या गाडीतच संपतात आणि आठव्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्या दारात उभा राहतो.

तू पहिल्या जातीचा हो. निदान तीन वर्षं. कमाई कमी दिसेल, पण दुसऱ्याच्या पैशात तुझा हात अडकणार नाही. करातही फरक पडतो. निव्वळ कमिशनवाल्याची उलाढाल म्हणजे त्याचं कमिशनच. सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर लागते आणि मग दलालीवर १८ टक्के. तू स्वतःच्या नावाची बिल्टी छापून फाडायला लागलास की मामला बदलला. मग तू मालवाहतूक एजन्सी झालास, सडक वाहतुकीच्या कायद्याखाली वाहक म्हणून नोंदणी आली आणि रस्त्यात माल गेला तर जबाबदारी तुझ्यावर आली. कितीतरी पोरं हौसेनं स्वतःच्या नावाचं बिल्टीबुक छापून घेतात आणि आपण कशावर सही करतोय हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता नागपूरचं म्हणशील, तर आपण नशीबवान आहोत. काश्मीरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबर आणि सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा ५३ नंबर, दोन्ही हायवे इथून जातात. अड्ड्यावरचे जुने लोक त्यांना अजून जुन्या नंबरांनी, 'सात नंबर' आणि 'सहा नंबर'च म्हणतात. त्यात डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. चारी दिशांच्या गाड्या नागपुरात खाली होतात आणि त्यांना घराकडचं भाडं पाहिजे असतं. तमिळनाडूची गाडी वाडीला दोन दिवस रिकामी उभी असेल तर तिचा मालक चेन्नईच्या बाजूचा माल कमी भावातही उचलतो, कारण रिकामं जाण्यापेक्षा डिझेल निघालेलं बरं. ती गाडी कुठे उभी आहे आणि तिला कुठे जायचंय, हे ज्याला माहीत असतं त्याला दलाली मिळते. म्हणून सगळा हिंदुस्थान धरू नकोस. एक लाइन धर. हैदराबाद धर, नाहीतर रायपूर धर. त्या लाइनचा भाव सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा. रोज वहीत लिहीत जा. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की काटोल-वरुडकडे गाड्या ओढल्या जातात आणि इथे भाव चढतो. छठ आणि होळीला यूपी-बिहारचे ड्रायव्हर घरी जातात, गाड्या उभ्याच राहतात. मार्चअखेर कारखान्यांना माल बाहेर काढायची घाई. हिंगणघाटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी निघायला लागल्या की १७० किलोची एक, अशा शंभर गाठींची गाडी भरते आणि तिला चांगली, कुठेही न फाटलेली ताडपत्री असलेलीच गाडी लागते. हे सगळं दोन वर्षं पाहिल्यावर हातात येतं. मी १९९८ साली मुनशी, म्हणजे ऑफिसातला कारकून, म्हणून लागलो तेव्हा पहिले आठ महिने मला फक्त ताडपत्र्या मोजायला आणि पोच पावत्या लावायला ठेवलं होतं. तेव्हा राग यायचा. आज वाटतं, मालकानं मला धंद्याचं खरं टोक आधी दाखवलं.

'फक्त फोनवर जमतं का' याचं उत्तर मला एका गोष्टीनं द्यावं लागेल. ती मी सहसा सांगत नाही.

२०१४ च्या पावसाळ्यात मी एका डाळमिलची १६ टन तूरडाळ कोलकात्याला लावली. गाडी फोनवरच मिळाली. आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद), इन्शुरन्स, लायसन्स, सगळ्याचे फोटो आले, सगळे कागद चालू तारखेचे. गाडी मिलवर लागली तेव्हा पाऊस होता, मी गेलो नाही. मुलाला पाठवलं, त्यानं नंबर प्लेट आणि कागद जुळवून पाहिले, जुळले. गाडी रायपूर ओलांडून गेल्याचं ड्रायव्हरनं सांगितलं आणि त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी आरसीवरच्या मालकाचा खरा पत्ता शोधून काढला. तो माणूस म्हणाला, 'माझी गाडी तर गेले बारा दिवस गॅरेजमध्ये उभी आहे, इंजिन खोललंय.' एकाच नंबरच्या दोन गाड्या होत्या. मी लावली ती दुसरी. डाळ ११ लाखांची होती.

विम्यातून मिलला काही रक्कम मिळाली, सगळी नाही. ३ लाखांचा खड्डा राहिला. कागदावर ती जबाबदारी माझी होती की नव्हती यावर वाद घालता आला असता. मी घातला नाही. मिलच्या शेटजींना म्हटलं, मी हा खड्डा दलालीतून भरतो. सव्वादोन वर्षं त्यांच्या प्रत्येक गाडीची माझी दलाली मी घेतली नाही. घरी बायकोनं शिवणाचं मशीन पुन्हा काढलं. त्या मिलच्या गाड्या आजही मीच लावतो.

तेव्हापासून मी काय करतो ते बघ. गाडी भरायच्या आधी माझा माणूस टॉर्च, जुनं फडकं, कोरा कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल घेऊन गाडीजवळ जातो. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, लांब पट्टीवर, बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या आसपास, चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर चिखल आणि ग्रीसचा थर असतो. तो फडक्यानं पुसायचा, कागद दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. एकेक अक्षर कागदावर उमटतं. तो कागद आरसीशी आणि परिवहनच्या अ‍ॅपवरच्या नोंदीशी ताडून पाहायचा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील, नवा रंग असेल, तर गाडी परत. ड्रायव्हर चिडतात, 'एवढा अविश्वास?' म्हणतात. मी त्यांना चहा पाजतो आणि डाळीची गोष्ट सांगतो. अ‍ॅडव्हान्स टाकायचा तो आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. 'मालकाचा भाचा आहे, याच्या नंबरवर टाका' असं कोणी म्हणालं की मी फोन ठेवतो.

हे फोनवर कसं होणार? तेव्हा बेटा, नोकरीत राहून रविवारी आणि सुटीच्या दिवशी एखाद्या जुन्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे बस. पोच पावत्या लाव, काट्यावर जा, ड्रायव्हरांशी बोल. वर्षभरात वीस मोटरमालक तुला नावानं ओळखायला लागले तर मला पुन्हा लिही.

प्रश्न : भाऊ, आम्ही पारडीला राहतो. यांची एकच गाडी आहे, १० चाकी, कर्जावर घेतलेली. एका दलालानं तीन फेऱ्या लावल्या आणि तिन्हीचा बॅलन्स मिळून ४६ हजार रुपये चार महिने झाले दिले नाहीत. फोन उचलतो तेव्हा 'पार्टीनं दिले नाहीत' म्हणतो. हे म्हणतात, पुढच्या वेळी त्याचा माल भरू आणि पैसे मिळेपर्यंत उतरवायचाच नाही. असं करावं का?

उत्तर : ताई, आधी त्यांना थांबवा. माल अडवून ठेवला की तुमची बाजू खरी असूनही गुन्हा तुमच्या माथी बसू शकतो. माल त्या दलालाचा नाही, तिसऱ्याच कोणाचा आहे. विश्वासानं सोपवलेला माल ठेवून घेतला असं म्हणत तो माणूस पोलिसांत जाईल आणि गाडी ठाण्यात उभी राहील. हप्ता मात्र थांबणार नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी स्वतः दलाल आहे, म्हणून मला ते जास्त लागलं. एका गाडीच्या माणसाचा बॅलन्स अडकवणं म्हणजे त्याच्या घरचा किराणा अडकवणं आहे, आणि आमच्यातले काही लोक ते सहज करतात. त्याच पैशात ते पुढच्या गाडीचा अ‍ॅडव्हान्स फिरवतात.

आता असं करा. तिन्ही फेऱ्यांचे कागद वेगवेगळे लावा. लोडिंग स्लिप, बिल्टीची प्रत, पोच पावती, अ‍ॅडव्हान्स आला त्याचं बँकेचं पान. काही कागद हरवला असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. कोणत्या टोलवर कोणत्या तारखेला गाडी गेली हे त्यात येतं आणि फेरी झाली हे त्यातून दाखवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर भाव ठरलेला असेल तर ते मेसेज पुसू नका. मग बिल्टीवर माल पाठवणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या ऑफिसात हे कागद घेऊन शांतपणे जा आणि एकच विचारा, या फेरीचं भाडं तुम्ही दलालाला दिलंत का, आणि कधी? दहापैकी सात वेळा मी पाहिलंय, पार्टीनं पैसे केव्हाच दिलेले असतात. ते कळलं की दलालाची सबब संपली.

त्यानंतर दलालाला लेखी मागणी पाठवा, स्पीड पोस्टानं. रक्कम, फेऱ्यांच्या तारखा, १५ दिवसांची मुदत. बहुतेक माणसं या कागदावरच येतात, कारण अड्ड्यावर नाव खराब झालेलं कोणालाच चालत नाही. नाही आला तर वकिलामार्फत दिवाणी दावा. पैशाच्या अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून घाबरू नका, पण झोपूही नका.

पुढच्यासाठी एक काम आजच करा. गाडीच्या धंद्याची उद्यम नोंदणी करून घ्या, ऑनलाइन फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानं नोंदणी असलेल्या छोट्या सेवादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर व्याज लागतं आणि तक्रार करायला वेगळी परिषद आहे. मागच्या तीन फेऱ्यांना याचा आधार मिळेल असं धरू नका, पण पुढच्या फेऱ्यांना मिळेल. आणखी एक. भाड्यातून टीडीएस कापला असं तो सांगत असेल तर विचारा कशासाठी. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकानं तसं लेखी दिलं आणि पॅन दिला तर भाड्यातून टीडीएस कापत नाहीत.

आणि ताई, ती कागदांची फाइल तुम्हीच सांभाळा. मी पाहिलंय, गाडी नवरा चालवतो पण जिथे वही बायकोच्या हातात असते तिथे बॅलन्स सहसा बुडत नाही.

प्रश्न : काटोलजवळ माझी संत्र्याची बाग आहे. या वर्षी दलालामार्फत दिल्लीला गाडी लावली. दोन-अडीच दिवसांत पोचते म्हणाला, पाचव्या दिवशी पोचली. वाटेत गाडी बंद पडली होती म्हणे. अर्धा माल मऊ पडला, भाव मिळाला नाही. दलाल म्हणतो, 'मी तर फक्त गाडी दिली.' जबाबदार कोण?

उत्तर : दादा, तुमच्या हातातला कागद काय म्हणतो त्यावर सगळं आहे. दलालानं फक्त लोडिंग स्लिप दिली असेल, त्यावर गाडी नंबर, भाव आणि अ‍ॅडव्हान्स एवढंच असेल, तर तो म्हणतो त्यात तथ्य आहे. माल नेण्याची जबाबदारी गाडीवाल्याची. त्यानं स्वतःच्या किंवा आपल्या कंपनीच्या नावाची बिल्टी फाडली असेल तर 'फक्त गाडी दिली' हे त्याला म्हणता येत नाही. तो वाहक झाला.

वाहकासाठी २००७ चा सडक मार्गे वाहतुकीचा कायदा आहे, १ मार्च २०११ पासून लागू. त्यातली एक मुदत तुम्ही चुकवू नका. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत नुकसानीची लेखी नोटीस वाहकाला मिळायला हवी, नाहीतर पुढे दावाच चालत नाही. बोलण्यात, 'बघू, पुढच्या गाडीत भरून देऊ' म्हणण्यात हे सहा महिने कसे निघून जातात ते शेतकऱ्याला कळत नाही. संत्र्याच्या माणसाचं तर असं होतं की आंबिया संपतो, मृग बहार येतो, पुन्हा त्याच दलालाची गरज पडते आणि तो गप्प बसतो. गप्प बसू नका. आजच नोटीस पाठवा. दिल्लीच्या आडत्यानं माल उतरवताना पोचवर काय शेरा मारला तो जोडा, विक्रीची पट्टी, म्हणजे आडत्याचा हिशोबाचा कागद, जोडा, माल उतरवतानाचे फोटो असतील ते जोडा.

किती मिळेल? मालाची किंमत बिल्टीवर लिहून, जास्त जोखमीचा दर देऊन माल पाठवला नसेल, तर वाहकाची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, आणि मालाच्या किमतीहून जास्त नाही. उशिराबद्दल आणखी एक गाठ आहे. किती दिवसांत पोचवायचं हे कागदावर ठरलेलं असेल तर त्या मुदतीच्या आतल्या उशिराची भरपाई भाड्याच्या रकमेपुरतीच असते, आणि मुदत उलटली की वर सांगितलेल्या मर्यादेपर्यंत नुकसानीचा दावा मोकळा होतो. 'दोन-अडीच दिवस' हे तोंडी होतं, तिथेच तुमचं जास्त नुकसान झालं. पुढच्या वेळी बिल्टीवर तारीख लिहून घ्या, 'अमुक तारखेला सकाळी आजादपूर मंडी'. लिहायला नकार देणारा माणूस मनातून ती तारीख मानत नसतो.

नाशवंत मालाला मी काही गोष्टी जास्त पाहतो. टायर पाहतो, पुढचे दोन तरी चांगले हवेत, आणि स्टेपनी नुसती दिसायला नको, हवा भरलेली हवी. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर मागतो, भाडं हजार-दीड हजारांनी चढलं तरी. आणि गाडी बंद पडली तर माल दुसऱ्या गाडीत कोण पलटी करून देईल, त्याचा खर्च कोणाचा, हे भरण्याआधी बोलून घेतो. ताज्या फळांना ई-वे बिल, म्हणजे माल नेताना काढायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही, त्यामुळे त्या कागदाची अडचण नसते. म्हणूनच लोक बाकीचे कागदही सोडून देतात, ही या मालातली वाईट सवय आहे.

प्रश्न : बुटीबोरीत कंपनीचे मॅनेजर गाडीत ठरल्यापेक्षा तीन टन जास्त टाकायला सांगतात. मोटरमालक तयार असतो, टनामागे भाडं वाढतं, माझं कमिशनही वाढतं. दलाल म्हणून माझं काही अडतं का?

उत्तर : अडतं. पकडली तर २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायला लावतात. रस्त्याच्या कडेला तीन टन माल उतरवून तुम्ही दुसरी गाडी शोधत रात्र काढलीत की त्या वाढीव कमिशनचा हिशोब आपोआप कळेल. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी काट्याची चिठ्ठी मागते. २०१८ मध्ये एक्सलवर चालणारं वजन केंद्रानं आधीच वाढवून दिलंय, १२ चाकीचं एकूण वजन ३६ टनांपर्यंत गेलंय. त्याच्या वरचं मी लावत नाही. एक मोठी पार्टी यावरून सुटली माझ्या हातून, आणि मला त्याचं दुःख नाही. घाटात ब्रेक लागत नाही तेव्हा गाडीत मॅनेजर नसतो, ड्रायव्हर असतो.

प्रश्न : मी मानेवाड्याला राहते. सहा वर्षं एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात अकाउंट पाहिलं, मूल झाल्यावर सोडलं. आता घरून हे काम करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, बाईमाणसाचं काम नाही. आणि गाड्यांचे अ‍ॅप आल्यावर दलालांची गरज उरणार आहे का?

उत्तर : ताई, सहा वर्षं ट्रान्सपोर्टचं अकाउंट पाहिलेल्या माणसाला मी तर हात जोडून बोलावीन. घरच्यांना सांगा, या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो अड्ड्यावर नाही, वहीत बुडतो.

अ‍ॅपवर गाडी दिसते, भावही दिसतो. मी स्वतः दोन अ‍ॅप वापरतो. पण हमालांनी मुद्दाम चार तास लावले, पार्टीनं गाडी दोन दिवस गेटवर उभी ठेवली आणि हॉल्टिंग, म्हणजे थांबवून ठेवल्याचे पैसे, द्यायला नकार दिला, पोचवर '३ बोरे ओले' असा शेरा आला आणि त्यावरून पूर्ण बॅलन्स अडवला, तेव्हा दोन्ही बाजूंना फोन करणारं माणूस लागतं. त्या ३ बोऱ्यांवरच बोलू या, ४८० वर नको, असं म्हणणारं माणूस. हे काम आवाजावर आणि कागदावर चालतं, आणि ते घरून होतं.

तुम्ही एकट्यानं करू नका, एवढंच सांगतो. गाडी पाहायला, चेसिसचा कागद काढायला, काट्यावर जायला अड्ड्यावरचा एक विश्वासाचा माणूस सोबत घ्या आणि दलाली निम्मी-निम्मी ठेवा. तुमच्याकडे ठेवा ते असं. ई-वे बिलावर गाडी नंबर बरोबर चढलाय का. वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर चढवलाय का. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस असते, म्हणजे दिल्लीच्या साधारण ११०० किलोमीटरला सहा दिवस. गाडी अडकली तर मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. मध्यरात्री मुदत संपते आणि सकाळी ८ नंतर काही करता येत नाही, म्हणून त्या दिवशी संध्याकाळीच ड्रायव्हरला फोन करा. पोच कुठे अडकली, कुरिअर आलं का, बॅलन्स कोणत्या तारखेला सुटायचा.

माझ्या वहीचे रकाने सांगतो, तसेच आखून घ्या. तारीख, गाडी नंबर, मालक, ड्रायव्हरचा फोन, पार्टी, कुठून-कुठे, वजन, भाव, अ‍ॅडव्हान्स, बॅलन्स, पोच आली, बॅलन्स सुटला, आणि सगळ्यात शेवटी माझी दलाली. शेवटचा रकाना मी आधीच्याच्या आधी कधीच भरत नाही. महिनाअखेर पानावर बोट फिरवलं की कोणत्या ओळीत शेवटचे दोन रकाने कोरे आहेत ते लगेच दिसतं आणि पहिला फोन त्या पार्टीला जातो. २००३ पासूनच्या सगळ्या वह्या माझ्याकडे आहेत, फक्त २०१४ चीच पावसात भिजून खराब झाली. वाडीकडे येणं झालं तर दुपारी १२ नंतर या, सकाळी गाड्या लागत असतात. वही उघडून दाखवतो.